मोमिनपुऱ्यात शिवून आणलेला नाडीचा फुटबॉल

काम: जुन्या चामडी फुटबॉलची दुरुस्ती, नवा ब्लॅडर, नवी नाडी. खर्च: ९५० रुपये. वेळ: आठ दिवस सांगितले, सव्वीस लागले. पुन्हा काम पडलं तर मी तिथेच जाईन. का, ते जरा सविस्तर लिहितो, कारण हा चेंडू घेऊन मी आधी चार दुकानं फिरलो आणि चारही ठिकाणी तो हातात घेऊन, फिरवून, परत दिला गेला.

दुकान नागपूरच्या मोमिनपुऱ्यात आहे, आणि त्याला पाटी नाही. बाहेर शाळेची दप्तरं, जिमच्या बॅगा, क्रिकेटचे पॅड लटकलेले असतात. चेन बदलून देणं, बंद शिवून देणं हा रोजचा धंदा. आत उजव्या हाताला एक म्हातारे कारीगर बसतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात, मीही चाचाच म्हणतो. समोर पाटावर रापी, दोन आऱ्या, दाभण, मेणाचा गोळा. हिंदी-मराठी मिसळून बोलतात, मी इथे मराठीतच लिहितो.

चेंडूबद्दल आधी सांगतो. १९८१ साली मी रेल्वेच्या मोतीबाग वर्कशॉपमध्ये फिटरच्या अप्रेंटिसशिपला लागलो. छोट्या लाइनच्या वाफेच्या इंजिनांचं काम. आमचे फोरमनसाहेब अँग्लो-इंडियन होते आणि फुटबॉल त्यांच्या रक्तात होता. रिटायर होऊन क्वार्टर सोडताना त्यांनी हा चेंडू माझ्या हातात दिला. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या जुन्या सामानातला, अठरा पट्ट्यांचा, तपकिरी. एका बाजूला चीर आणि त्या चिरेवर चामड्याची नाडी, बुटाला बांधतो तशी. आजच्या पोरांना हे पाहूनच नवल वाटतं. त्या काळी व्हॉल्व्ह नव्हता. चिरेतून रबरी ब्लॅडर आत घालायचा, नळीतून हवा भरायची, नळीचं तोंड दुमडून दोऱ्याने बांधायचं, ते आतल्या चामडी जिभेखाली दाबायचं आणि वरून नाडी आवळायची.

फोरमनसाहेबांनी चेंडूबरोबर एक माणूसही मला दिला. चहाच्या सुट्टीत ते खडूने शेडच्या फरशीवर गोलपोस्ट काढायचे, कॉर्नरचा झेंडा काढायचे आणि सांगायचे, इथून कडेने खेळणाऱ्या ट्रुपने चेंडू उचलला आणि इथे, या ठिपक्यावर, डीन हवेत होता. डिक्सी डीन. इंग्लंडमधल्या लिव्हरपूल शहराच्या एव्हर्टन क्लबचा सेंटर फॉरवर्ड, १९२७-२८ च्या एका मोसमात लीगचे ६० गोल. साहेबांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं. युद्धाच्या काळात कामठीच्या छावणीत आलेल्या लिव्हरपूलकडच्या एका गोऱ्या सोल्जरने त्यांना हे सगळं ऐकवलं होतं. साहेबांनी मला ऐकवलं. मी आता पोट्ट्यांना ऐकवतो.

मला डीन लगेच आपला वाटला, त्याचं कारण गोल नव्हते. तो फिटर होता. बर्कनहेडचा, जन्म २२ जानेवारी १९०७, बाप रेल्वेत ड्रायव्हर. चौदाव्या वर्षी शाळा सुटली आणि पोरगा विरल रेल्वेत शिकाऊ फिटर म्हणून लागला. रात्रपाळी मागून घ्यायचा, दिवसा खेळता यावं म्हणून. शेडमध्ये उंदीर फार, बाकीची शिकाऊ पोरं रात्रीला कंटाळायची, त्यामुळे त्याला बदली सहज मिळायची असं सांगतात. मी वर्कशॉपमध्ये हेच केलं आहे. सकाळी सहाला सुटायचं, घरी जाऊन चार पोळ्या खायच्या, तीन तास झोपायचं आणि दुपारी मैदानावर. हाताला ग्रीसचा वास असायचा, घामाबरोबर तो आणखी यायचा. अजून कधी झोपेत येतो.

रिटायर झाल्यापासून मी संध्याकाळी वस्तीतल्या मुलांना शिकवतो. मुलीही येतात. आमची नऊ नंबर पंधरा वर्षांची पोरगी आहे, दोन्ही पायांनी मारते, आणि तिला कोणी काही सांगितलं की आधी पटलं पाहिजे. तिला मी ६० गोल सांगितले. ती म्हणाली, "सर, तेव्हाचे गोलकीपर काय झोपून राहत होते का?"

पोट्टे हसले. मला मात्र त्या प्रश्नाचं बरं वाटलं, कारण तो खरा प्रश्न आहे आणि त्याला उत्तर द्यायचं तर हातात तो चेंडू पाहिजे. माळ्यावरून काढला तर चामडं पापडासारखं कडक झालेलं, चार शिवणी उसवलेल्या, आतला ब्लॅडर वितळून डांबरासारखा चिकटलेला. नागपूरचे पस्तीस उन्हाळे पत्र्याच्या छपराखाली काढल्यावर दुसरं काय होणार.

आधी मी सोपा मार्ग धरला. ऑनलाइन एक "जुन्या धाटणीचा" चामडी चेंडू मागवला, दोन हजारांच्या वर पैसे मोजले. विकणाऱ्यांचं नाव लिहीत नाही. फोटोत देखणा होता. दुसऱ्या दिवशी पोरीने दोन लाथा मारल्या आणि नाडीखालची चीर फाटत गेली. शिवण नुसती दिखाऊ होती, आतून पट्ट्या चिकटवलेल्या. शेल्फवर ठेवायची वस्तू खेळायची म्हणून विकली होती. परत पाठवली तर उत्तर आलं की वापरलेला माल घेत नाही. वाईट पैशांचं कमी वाटलं, पोरीसमोर माझं म्हणणं पडलं त्याचं जास्त.

मग चाचांकडे गेलो. त्यांनी चेंडू घेतला, नाकाशी नेला, अंगठ्याने शिवण दाबत सगळ्या अठरा पट्ट्यांवरून हात फिरवला आणि विचारलं, "खेळायचा आहे की ठेवायचा आहे?"

"खेळायचा."

"मग घाई नका करू, साहेब."

पुढे जे काम झालं ते मी तीन फेऱ्यांत बसून पाहिलं. पहिले कित्येक दिवस त्यांनी सुई लावलीच नाही. दर एक-दोन दिवसांनी चामड्याला तेल चोळायचं, फडक्यात गुंडाळून ठेवायचं. कडक चामड्याला आरी लावली की भोक फाटतं आणि मग टाका धरत नाही, असं त्यांनी दाखवून दिलं. चामडं मऊ पडल्यावर नाडीच्या चिरेतून अख्खा चेंडू उलटा केला. म्हणजे आतली बाजू बाहेर. वीतभरही नसलेल्या फटीतून अठरा पट्ट्या बाहेर काढणं सोपं नाही, अर्धा तास गेला, मधेच त्यांनी पंखा बंद केला कारण धूळ डोळ्यांत जात होती. उसवलेल्या शिवणीतला जुना दोरा एकेक टाका करून काढला. नवा दोरा मेणाच्या गोळ्यावरून तीनदा ओढला. दोन सुया, दोन्ही टोकांना एकेक, आणि प्रत्येक भोकातून दोन्ही सुया उलटसुलट. एक टाका तुटला तरी शेजारचा सुटत नाही. भोकं जुनीच वापरली, नवी पाडली नाहीत. मी फिटर आहे, जुन्या भोकात नवा बोल्ट बसवणाऱ्याची मला किंमत कळते.

आता तक्रार. सव्वीस दिवसांतले दहा दिवस निव्वळ वाया गेले, कारण नळीचा ब्लॅडर मिळत नव्हता आणि हे त्यांनी मला फोन करून सांगितलं नाही. मी तीनदा उन्हातून जाऊन हात हलवत परत आलो. दुसरं म्हणजे पहिल्यांदा चेंडू दिला तेव्हा नळीचं तोंड जिभेखाली नीट दबलेलं नव्हतं. नाडीच्या जागी टेंगूळ आलं होतं, जमिनीवर सोडला की चेंडू लंगडायचा. मी परत नेला. चाचांनी वाद घातला नाही, नाडी सोडली, नळी परत दुमडली, जिभेखाली एक पातळ चामड्याची चकती सारली आणि पुन्हा आवळली. पैसे घेतले नाहीत. नंतर दुकानाच्या फरशीवर त्यांनीच चेंडू घरंगळत सोडला आणि तो सरळ भिंतीपर्यंत जाईपर्यंत बघत राहिले.

आता पोरीच्या त्या गोलकीपरच्या प्रश्नाचं उत्तर.

पहिलं मी पोरीला तिच्या बाजूचं सांगितलं. हो, त्या काळी गोल जास्त व्हायचे, आणि त्याला कारण होतं. १९२५ च्या उन्हाळ्यात ऑफसाइडचा नियम बदलला. आधी पुढे गेलेल्या माणसाच्या आणि गोलरेषेच्या मध्ये समोरच्या संघाचे तीन जण हवे होते, ते दोन झाले. १९२४-२५ मध्ये इंग्लंडच्या पहिल्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे लीगच्या सगळ्यात वरच्या गटात, १,१९२ गोल झाले होते, पुढच्याच मोसमात १,७०३. बचाव करणाऱ्यांना मधल्या फळीतल्या सेंटर-हाफला मागे ओढून तिसरा बॅक करायला थोडा काळ गेला, तोवर फॉरवर्डची चंगळ होती. ती म्हणाली, "बघा, मी सांगितलं होतं नं." मी म्हणालो, थांब. नियम तर सगळ्यांनाच सारखा होता. मग बाकीच्यांनी किती मारले? ब्लॅकबर्नच्या टेड हार्परने १९२५-२६ मध्ये ४३, पहिल्या डिव्हिजनचा तोवरचा उच्चांक. मिडल्सब्रोच्या जॉर्ज कॅमसेलने १९२६-२७ मध्ये ५९, पण दुसऱ्या डिव्हिजनमध्ये. आणि लगेच पुढच्या वर्षी डीनने पहिल्या डिव्हिजनमध्ये ६०, तेही ३९ सामन्यांत, वयाच्या एकविसाव्या वर्षी. लीगमध्ये सामने ४२ होते, तीन त्याने खेळलेच नाहीत. एव्हर्टनने त्या मोसमात एकूण १०२ गोल केले आणि लीग जिंकली, म्हणजे दहातले सहा गोल एकट्याचे. मँचेस्टर युनायटेडला ५-२ हरवलं त्या दिवशी पाचही त्याचेच. त्यानंतर शंभरेक वर्षं होत आली, तेवढे गोल इंग्लंडच्या लीगमध्ये कोणी केले नाहीत.

ती गप्प झाली, पण पटलं नव्हतं. तोंड बघून मला कळतं.

मग शेवटचे दोन सामने सांगितले, साहेबांसारखेच खडूने. दोन सामने उरले तेव्हा डीनचे ५३ झाले होते. कॅमसेलच्या पुढे जायला सात हवेत, दोन सामन्यांत. बर्नलीला जाऊन त्याने चार मारले. आता तीन. ५ मे १९२८, एव्हर्टनचं मैदान गुडिसन पार्क, समोर आर्सेनल. लीग एव्हर्टनने खिशात घातलेली, लोक आले होते ते फक्त त्याच्यासाठी. सुरुवातीलाच दोन झाले, त्यातला एक पेनल्टीवर. ५९. बरोबरी झाली. आणि मग वेळ सरत राहिली, गोल होईना. अगदी शेवटाकडे डाव्या बाजूने कॉर्नर मिळाला. मारायला ॲलेक ट्रुप, बुटका स्कॉटिश विंगर, खांदा निखळायचा म्हणून पट्ट्या बांधून खेळणारा. त्याने चेंडू उचलला आणि गर्दीतून एक डोकं वर आलं. ६०. सामना ३-३ असा सुटला, पण तो स्कोअर कोणाच्या लक्षात राहिला असेल असं मला वाटत नाही.

हे सांगताना मी चेंडू पोरीच्या हातात दिला आणि म्हणालो, कॉर्नरवर ठेव. नाडी कुठे ठेवशील? तिने चेंडू फिरवला, नाडीवर बोट फिरवलं, गाठीजवळ थांबली. "हे कपाळाला लागलं तर?" तिला तिथे कळलं. अठरा पट्ट्यांचा चेंडू हवेत फिरत येतो, नाडी कुठून समोर येईल याचा नेम नाही, आणि डोळे मिटले तर गोल गेला.

वजनाबद्दल एक गैरसमज आहे, तो मलाही होता. जुना चेंडू मुळात फार जड होता असं सगळे म्हणतात. नियमात तेव्हा १३ ते १५ औंस होतं, म्हणजे साधारण ३७० ते ४२५ ग्रॅम. १९३७ मध्ये ते १४ ते १६ औंस केलं. आजचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅमचा असतो. म्हणजे सुका असताना डीनचा चेंडू आजच्यापेक्षा जड नव्हताच. फरक पाण्याचा. चामडं पाणी पितं. मी आमच्या कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात काट्यावर ठेवला, ४०५ भरला. ऑगस्टच्या पावसात मैदानावर तासभर फिरवून आणला तर ५२०, आणि त्यात काळ्या मातीचा एक थर वेगळा. इंग्लंडचा मोसम म्हणजे हिवाळा, पाऊस आणि चिखल. त्याने असाच चेंडू आठवड्यामागून आठवडे डोक्यावर घेतला.

इथे एक गोष्ट मी ठासून लिहितो, कारण हे वाचून कोणी असा चेंडू शिवून आणेल आणि पोरांच्या डोक्यावर मारेल. तसं करू नका. २००२ मध्ये इंग्लंडचा जुना फॉरवर्ड जेफ ॲस्टल वारला तेव्हा कॉरोनरने, म्हणजे मरणाची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने, त्याचं मरण कामामुळे झालेल्या आजाराने असं नोंदवलं, कारण वर्षानुवर्षं जड चेंडू डोक्याने मारून मेंदूला इजा झाली होती. २०१९ मध्ये ग्लासगोच्या अभ्यासकांनी दाखवलं की मेंदू झिजवणाऱ्या आजारांनी मरण्याचं प्रमाण व्यावसायिक फुटबॉलपटूंमध्ये इतरांपेक्षा साडेतीन पट आहे. लहान मुलांना सरावात हेडर आता खुद्द इंग्लंडमध्येही बंद आहे. माझ्याकडे हा चेंडू पायाने खेळायचा आणि हाताने बघायचा. हेडरचा सराव मोठ्या मुलांचाच, तोही हलक्या चेंडूने आणि मोजका.

आणि पायाने खेळायचाच तर डीन कमी पडत नाही. त्या ६० पैकी २० डोक्याने होते, ४० पायांनी. साहेबांच्या गोष्टीत तो नेहमी हवेतच असायचा, म्हणून मीही कित्येक वर्षं तसंच सांगत होतो. साहेबांची आणखी एक गोष्ट खोटी निघाली. ते म्हणायचे, डीनच्या कवटीत लोखंडी पट्टी होती म्हणून त्याचे हेडर असे जात. खरं असं की जून १९२६ मध्ये मोटरसायकलच्या अपघातात त्याची कवटी आणि जबडा मोडला होता. हा पुन्हा खेळेल का याची डॉक्टरांना शंका होती. पट्टीची दंतकथा त्यातून आली. तो त्याच हिवाळ्यात परतला, २७ सामन्यांत २१ गोल केले, आणि फेब्रुवारी १९२७ मध्ये इंग्लंडकडून पहिला सामना खेळला. पहिल्या पाच सामन्यांत इंग्लंडसाठी १२ गोल. मला लोखंडी पट्टीपेक्षा हे जास्त मोठं वाटतं.

गोष्ट अपघाताआधीच संपली असती असाही एक प्रसंग आहे. सतराव्या वर्षी ट्रॅनमिअर रोव्हर्सच्या राखीव संघातून खेळताना त्याला ओटीपोटाखाली एवढा जबर मार बसला की शस्त्रक्रिया करून एक वृषण काढावं लागलं. त्याच मोसमात, १९२४-२५ मध्ये, त्याने ट्रॅनमिअरसाठी २७ सामन्यांत २७ गोल केले. मार्च १९२५ मध्ये एव्हर्टनने त्याला ३,००० पौंडांना घेतलं.

पोरीला सगळ्यात जास्त राग आला तो पगाराचा. ठरलेली कमाल मर्यादा होती, मोसमात आठवड्याला आठ पौंड आणि उन्हाळ्यात सहा, मग तू ६० मार की सहा. क्लब खाली गेला तेव्हाही तो तिथेच होता. १९२९-३० मध्ये एव्हर्टन तळाला जाऊन दुसऱ्या डिव्हिजनमध्ये उतरला. पुढच्या वर्षी डीनचे ३९ गोल आणि क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्ये पहिला. त्याच्या पुढच्या वर्षी ४५ गोल आणि थेट लीग जिंकली. १९३३ मध्ये वेम्बलीवर एफए कप, मँचेस्टर सिटीवर ३-० ने, डीन कप्तान आणि दुसरा गोल त्याचा. कपच्या फायनलमध्ये पाठीवर नंबर पहिल्यांदा त्याच दिवशी लागले. एव्हर्टनला १ ते ११, सिटीला १२ ते २२. डीनच्या पाठीवर ९ होता.

"म्हणजे पहिला नऊ नंबर तोच?" तिने विचारलं. कपच्या फायनलमध्ये तरी तोच, मी सांगितलं. तिने स्वतःच्या जर्सीकडे पाहिलं. त्या जर्सीवरचा नऊ तिच्या आईने पांढऱ्या कापडातून कापून हाताने शिवलेला आहे.

एव्हर्टनसाठी लीगमध्ये ३९९ सामने, ३४९ गोल. सगळे मिळून ४३३ सामन्यांत ३८३, आणि ३७ हॅटट्रिक. हे आकडे मी आमच्या क्लबच्या खोलीत फळ्यावर लिहून ठेवले आहेत. पण प्रशिक्षक म्हणून मला त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोलाचा प्रसंग आकड्यांत नसलेला वाटतो. १९३७ च्या सुरुवातीला एव्हर्टनने बर्नलीकडून टॉमी लॉटन नावाचा सतरा वर्षांचा पोरगा आणला. डीनची जागा घ्यायलाच आणला होता, सगळ्यांना ते माहीत होतं, डीनलाही. त्याने पोराच्या खांद्यावर हात टाकून सांगितलं की तू माझ्या जागी आला आहेस हे मला माहीत आहे, तुला लागेल ती मदत मी करीन. आणि केली. डोक्याने चेंडू कसा मारायचा ते त्याने लॉटनला शिकवलं. १९३८ च्या मार्चमध्ये डीन नॉट्स काउंटीला निघून गेला, आणि १९३८-३९ मध्ये लॉटनच्या ३४ गोलांवर एव्हर्टनने पुन्हा लीग जिंकली. एवढ्या मोठ्या माणसाला आपली जागा अशी मोकळ्या हाताने देता येते, हे मी माझ्या मोठ्या पोरांना दर मोसमाच्या सुरुवातीला सांगतो. तेव्हा गप्प बसून ऐकतात.

पुढचं थोडक्यात. आयर्लंडमध्ये स्लायगो रोव्हर्सकडून थोडे सामने, युद्ध, मग चेस्टरमध्ये एक पब चालवला, नंतर फुटबॉल पूल्सच्या, म्हणजे सामन्यांच्या निकालांवर पैजा घेणाऱ्या, कंपनीत हमालाचं काम. १९७६ मध्ये एक पाय कापावा लागला. १ मार्च १९८० रोजी गुडिसन पार्कवर एव्हर्टन आणि लिव्हरपूलचा सामना बघायला गेला आणि तिथेच हार्टॲटॅकने गेला. त्र्याहत्तर वर्षांचा होता. साहेबांना ही बातमी कळली होती का, ते मी त्यांना कधी विचारलं नाही. मी वर्कशॉपला लागलो ते त्याच्या पुढच्या वर्षी, आणि खडूच्या त्या चित्रात डीन कायम एकवीस वर्षांचाच असायचा.

२०२५ मध्ये एव्हर्टनचा पुरुषांचा संघ गुडिसन सोडून गोदीजवळच्या नव्या स्टेडियममध्ये गेला. गुडिसन पाडलं नाही. तिथे आता एव्हर्टनच्या मुलींचा संघ खेळतो. हे आमच्या नऊ नंबरला सांगितल्यावर तिने दोनदा विचारलं, "त्याच मैदानावर? जिथे साठावा मारला?" त्याच.

सध्या चेंडू तिच्याच ताब्यात आहे. दर रविवारी चिखल ओल्या फडक्याने पुसायचा, सावलीत वाळवायचा, नाडीची गाठ तपासायची, ही कामं तिने स्वतःहून घेतली. तीन महिने झाले. चाचांनी शिवलेल्या चार शिवणींपैकी एकही उघडलेली नाही. नाडीजवळची एक जुनी शिवण, जी त्यांनी शिवली नव्हती, किंचित सैल पडली आहे. ती तेव्हाच बघा म्हणायला हवं होतं.

कोणाला जायचं असेल त्यांच्यासाठी: दुकान सकाळी अकराच्या पुढे उघडतं, शुक्रवारी दुपारी बंद. जाण्याआधी ब्लॅडर मिळाला का ते स्वतः विचारून घ्या, तिकडून फोन येणार नाही. जमल्यास ब्लॅडर तुम्हीच घेऊन जा. तेलाचे पैसे ते वेगळे लावत नाहीत. चेंडू खेळायचा आहे की ठेवायचा, हे ते विचारतीलच, खरं सांगा, त्यावर ते दोरा निवडतात. आणि ताब्यात घेताना फरशीवर एकदा घरंगळवून बघा.

मी पुढच्या सोमवारी ती सैल शिवण घेऊन जातो आहे. पोरगी सोबत येणार आहे, तिला दोन सुयांचा टाका बघायचा आहे.